माझी डावी मांडी आणि बाळूचा दोर

आमची पोस्ट बर्फात होती. कुठं ते सांगत नाही, तशी सवयच नाही. मी हवालदार रामा, गाव गडमुडशिंगी. गस्तीवर सगळे एका दोरानं बांधलेले, त्यात माझ्यामागं कायम नायक बाळू. तो कोडोलीचा, तालमीत वाढलेला गडी. आम्ही दोघं बोलायला लागलो की पंजाबी सुभेदारसाहेब म्हणायचे, भांडताय की बोलताय ते एकदा ठरवा.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, बर्फ उपसणं, वायरलेसवर हजेरी. हात रिकामे झाले की बाळू जोतिबाच्या यात्रेचा विषय काढायचा. चैत्रात त्यांच्या भावकीची सासनकाठी डोंगरावर नाचते. उंच बांबू, वर निशाण. एकजण काठी अंगावर तोलतो, बाकीचे चहूबाजूंनी दोर ताणून तिला उभी ठेवतात. येत्या चैत्रात आम्हा दोघांनाही रजा मिळणार होती. काठी मी घ्यायची, हे त्यानं मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला गस्त निघाली. पाच जण, एक दोर, मी पुढं. उतारावर माझ्या पायाखालचा बर्फ गेला आणि मी फटीत लोंबकळलो. डावा पाय दोन कडांमध्ये अडकून मांडीचं हाड मोडलं. वर बाळूनं बर्फ फोडायचा आइस-ॲक्स रोवला आणि तो त्याच्यावर आडवा पडला. रेडिओवरचं बोलणं मला खाली ऐकू येत होतं.

"एक जवान खाली. नायकानं दोर धरलाय. ओव्हर."

"होल्ड करा. मदत निघाली. आउट."

मग बाळूचा आवाज. "रामा, दोर मी सोडत न्हाई. तू फकस्त बोलत ऱ्हा."

मी त्याला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. बाकीच्या तिघांनी दुसरा दोर बांधून मला वर ओढलं आणि खडकाच्या आडोशाला ठेवलं. सगळे दोरातून सुटे झाले. बाळू रोवलेला ॲक्स काढायला मागं गेला, आणि वरून बर्फ सुटला. दुपारी त्याचा देह सापडला. माझं हेलिकॉप्टर आणि त्याचं हेलिकॉप्टर एकच होतं.

मिलिटरी हॉस्पिटलात मांडीत रॉड घातला. नंतर ताप, जखमेत पू, पुन्हा ऑपरेशन, आणि नुसतं पडून राहणं. माझ्यासारख्या माणसाला पाडून ठेवणं म्हणजे शिक्षाच. चांगला पाय चादरीखाली सारखा हलायचा, वाईट तसाच पडलेला. घरी आल्यावर पँट बदलताना खाली बघितलं. उजवी मांडी माझी होती. डावी कुणा आजाऱ्याची वाटत होती.

आता आमच्या भागात पाय बारीक झाला तर काय करतात? दूध पाजतात. आईनं म्हशीचं धारोष्ण दूध सुरू केलं, तूप, बदाम, रविवारी मटण. तालमीतले वस्ताद येऊन तेलानं रगडायचे आणि बजावायचे, पैलवान, जागचं हलायचं न्हाई. मी पाय खाली टेकला की आई ओरडायची, "कशाला उठतोयास? हाय न्हवं मी!" महिनाभरात पोट सुटलं. मांडी होती तशीच. दार वाजलं तरी डोकं भडकायचं, भांडी आपटली तरी भडकायचं. बाळूच्या घरी अजून गेलो नव्हतो. चैत्रात काठी घेऊनच तोंड दाखवायचं, हे मनात पक्कं होतं.

शेवटी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्टकडं गेलो. मॅडम पोरसवदा, बोलायला मात्र वस्तादाच्या वरताण. त्यांनी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या, पाय दाबायला, उचलायला लावला, टाचणीनं टोचून बघितलं. नस शाबूत आहे, म्हणाल्या. नस तुटून मांस झडतं ते वेगळं, स्नायूचाच आजार असतो तो वेगळा, मोठ्या दुखण्यात अंग उतरतं तेही वेगळं. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी तपासायचं. माझं मांस बिनकामाचं राहून झिजलं होतं. मी दुधाचं सांगितलं तर हसल्या.

"दूध, अंडी, डाळ पाहिजेच. पण ते सामान झालं. गवंडी कामाला आला नाही तर नुसत्या विटा पडून राहतात. मालिशनं बरं वाटेल, मांस वाढणार नाही."

मी विचारलं, चैत्रात काठी घेता येईल का. त्या म्हणाल्या, शब्द देत नाही.

काम सुरू झालं, तेही लाज वाटावी असलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची. एवढंच. मांडीला चिकट पट्ट्या लावून विजेचे बारीक झटके, म्हणजे झोपलेला स्नायू जागा व्हावा. मग पाय सरळ उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायरी, पुढं घोट्याला वजन. रोज थोडं जास्त, आणि मध्ये विश्रांती. मला जोर-बैठका मारायच्या होत्या. मॅडमनी बजावलं, गुडघा सुजला तर महिनाभर मागं जाल. ताकद आधी येते, जाडी मागनं. जोर वाढत गेला, पण टेप फारशी हलेना. ती टेप बघितली की मला संताप यायचा.

चैत्र आला. काठी नाही, मॅडमनी साफ सांगितलं. तोल गेला तर चार माणसं घेऊन पडाल. तरी मी गेलो.

डोंगरावर गुलालानं दिवस लाल झाला होता. बाळूचे वडील आबा काठीजवळ उभे होते. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. काठी मला झेपायची नाही, हे मी मान खाली घालून सांगितलं.

आबांनी एक दोर माझ्या हातात दिला. "काठी घ्यायला गडी लई हाईत. ह्यो दोर बाळ्याचा. दरसाल त्योच धरायचा."

हे बाळू कधी बोललाच नव्हता. यात्रेच्या एवढ्या गप्पांत एकदाही नाही.

काठी उठली. वारा निशाणात शिरला आणि दोराला हिसका बसला. दोर हातानं धरतात असं लोकांना वाटतं. तो मांडीनं धरतात. मी डावा पाय पुढं रोवला, गुडघा थोडा वाकवला. मांडी थरथरायला लागली, आतून आग झाली, पण ती दबली नाही. चांगभलंचा गजर उठला. मला रडू आलं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

आबांनी मागनं विचारलं, "जमतंय न्हवं? का दुसऱ्याला देऊ?"

"न्हाई आबा," मी म्हणालो. "दोर मी सोडत न्हाई."