भोंगा वाजला आणि मी उठलो

परवा रजेवर घरी जेवत होतो. लांबून कुठल्यातरी कंपनीचा भोंगा ऐकू आला आणि मी हातातला घास तसाच ठेवून ताटावरून उठलो. बायको नुसती हसली. ते हसू मी ओळखलं.

काही वर्षांपूर्वी मी अंबरनाथला मशीनवर होतो आणि सुपरवायझर व्हायचं डोक्यात घेतलं होतं. दोन ठिकाणचे नकार पचवून आनंदनगरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. एसीची गार हवा, टेबलाच्या पॉलिशचा वास, समोर तीन साहेब. उत्तरं बरी चालली होती. तेवढ्यात बाहेर जेवणाचा भोंगा झाला आणि मी सवयीनं ताडकन उठून थेट दारापर्यंत पोचलो.

"अहो, कुठे निघालात?" एका साहेबांनी विचारलं.

"जेवायला," मी खरं ते सांगून टाकलं.

तिघेही पोट धरून हसले. ती नोकरी अर्थातच हुकली.

आज सुपरवायझरच्या खुर्चीत बसून हा किस्सा मी रंगवून सांगतो. त्या दिवशी मात्र बदलापूरच्या घरात शिरताना तोंड दाखवायची लाज वाटत होती. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "बस झालं आता," मी म्हणालो, "आपण मशीनवरच बरे."

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. तिलाही हसू आवरेना. मग हात पुढे करून म्हणाली, "आधी तो शर्ट काढा, भिजत घालते. पुढच्या मुलाखतीला हाच घालायचाय. आणि त्या दिवशी घरून जेवूनच निघा."