बोळिंजच्या वाडीतली चांदीची चपटी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी नाकात आंबट वास शिरतो, मग हसू येतं. पोलीस खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हसू यावं अशा केसेस फार थोड्या. या केसमध्ये मूर्ख ठरलो तो मीच, त्यामुळे हसण्याचा पहिला हक्कही माझाच.

दारूबंदीचा कायदा नवा होता आणि मी नवा फौजदार होऊन वसईकडे आलो होतो. मी घाटावरचा. खाडी, ताडी, तिवरं, यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. वरून सारखी विचारणा व्हायची, की दारूबंदीच्या केसेस का होत नाहीत. खाडीकाठी भट्ट्या लागत, आम्ही चिखल तुडवत पोचेपर्यंत तिथं गरम राख उरलेली असे आणि माणूस होडीतून पसार. डोकं तापलेलं होतं. अशात टपालानं एक निनावी कार्ड आलं.

कार्डावर बाळबोध वळणाच्या अक्षरात चार ओळी होत्या. ‘बोळिंज येथील गृहस्थ राहते घरी दारूच्या सुरया व पेले बाळगतात. रविवारी दुपारी ते घेऊन बसतात. तरी सरकारने सर्व वस्तू जप्त करून न्याव्यात. गृहस्थांस काही करू नये.’ वर घराची खूण दिली होती. पहिल्या तीन ओळी वाचून मी खूश झालो. चौथी वाचली, पण डोक्यात शिरली नाही.

रविवारी दुपारी दोन पंच आणि तीन शिपाई घेऊन मी वाडीत शिरलो. केळी, नागवेली, मधे कौलारू घर, दारात तुळस. गृहस्थ साठीचे, उघड्या अंगानं ओटीवर बसलेले. पुढ्यात चटईवर काचेच्या सुरया मांडलेल्या, आणि एका सुरईत काहीतरी घालून ते ती गोल गोल घुसळत होते. सगळ्या घरभर आंबूस दर्प. मी मनात म्हटलं, चला, रंगेहाथ सापडला.

“काय आहे त्यात?”

“शिरका आणि तांदूळ,” ते शांतपणे म्हणाले. “अरुंद गळ्याच्या सुरईत हात जात नाही. शिरक्यात तांदूळ टाकून हलवलं की आतला डाग निघतो.”

“मला शिकवू नका,” मी म्हटलं. दारू लपवायला माणूस काय वाटेल ते सांगतो, हे मला पक्कं माहीत होतं. शिरका कशाचा करतात, हे मात्र माहीत नव्हतं.

पंचनामा सुरू झाला. फळीवर काय काय होतं म्हणून सांगू. कट-ग्लासच्या सुरया, त्यांच्या गळ्यात साखळीनं अडकवलेल्या चांदीच्या इवल्या पाट्या, शिंगाचे पेले, चामड्याच्या डबीत एकात एक बसणारे चार चषक, हस्तिदंती मुठीचा बूच काढायचा स्क्रू, चिनी मातीची मासोळीच्या आकाराची कुपी. केळीची पानं आणि विड्याची पानं घेऊन हे गृहस्थ मुंबईला जात, आणि गोरे साहेब देश सोडून निघाले तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात उभे राहत. लोक पलंग, कपाटं घेत. हे सुरया घेत. स्वतः दारूचा थेंब कधी घेतलेला नाही, असं म्हणाले. कशासाठी घेतल्या, विचारलं तर म्हणाले, “सुंदर आहेत म्हणून.” पोलिसाला हे उत्तर पटत नसतं.

शिपायानं सुरया गोळा करताना त्यांची काचेची बुचं एका टोपलीत टाकली. गृहस्थ घाईनं उठले. “असं नका करू हो. प्रत्येक बुचावर आकडा आहे आणि तोच आकडा सुरईच्या गळ्यावर आहे. जोड्या मोडू नका.” मग आरोपीनं स्वतः बसून आमचा मुद्देमाल नीट लावून दिला. असा पंचनामा मी पुन्हा कधी केला नाही.

शेवटी एक चांदीची चपटी निघाली, कोटाच्या खिशात बसेल एवढी. ती मी कानाशी हलवली. आत द्रव होता. ती आणि ओटीवरची घुसळलेली सुरई सील केली, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि गृहस्थांना ठाण्यावर आणलं.

जबाब घेताना माझ्या हातून चूक झाली. खबर देणाऱ्याचा कागद आरोपीला दाखवायचा नसतो. पण मी रागात कार्ड त्यांच्यापुढे आपटलं. “हे खोटं आहे म्हणता? गावातला कोण तुमच्यावर उठला मग? त्यालाही बोलावतो.” त्यांनी कार्ड उचललं आणि बराच वेळ पाहिलं. चार ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

“लिहून घ्या साहेब,” ते म्हणाले. “सगळं खरं आहे. सामान माझं. घरातल्या कुणाचा संबंध नाही.”

“आणि त्या चपटीत?”

“साहेबाची ब्रँडी. लिलावात आली तशी आहे. मी कधी उघडली नाही.”

झालं. एवढ्या सहज कबुली मिळाली म्हणून मी मिशीवर ताव दिला. रविवारचं कोर्ट बंद, म्हणून त्यांना लॉकअपमध्ये ठेवलं. सोमवारी अकराला उभं करायचं. कबुली हातात असल्यावर तुरुंगवास चुकत नव्हता.

सोमवारी सकाळी रजेवरून हवालदार आले. ते इथलेच. सुरईचं सील पाहिलं, भोवतीचा वास घेतला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. “ह्यो शिरका हाय साहेब. ताडीचा. तिकडं भुईगावात घराघरांत बरनी असते. ह्यात मासे मुरवतात.”

माझे कान गरम झाले. पण चपटी होती ना. चपटीवर कबुली होती. मी तिला धरून बसलो.

तेवढ्यात गृहस्थांची पत्नी डबा घेऊन आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पानात बांधलेली सुकेळी. घरी त्यांची बोली वेगळी, मला कळतही नसे. पण ठाण्यात त्या शाळेत शिकलेलं मराठी जपून जपून बोलल्या. “साहेब, सुरया ठेवा. माणूस द्या.”

कार्डावरची चौथी ओळ तेव्हा माझ्या डोक्यात शिरली. निनावी अर्ज करणाऱ्याला माणूस अडकवायचा असतो. वस्तू न्या आणि माणसाला काही करू नका, असं कोण लिहील? लॉकअपमधल्या माणसाला डबा द्यायचा तर रजिस्टरात नाव लिहावं लागतं. मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी टाक घेऊन नाव आणि ‘बोळिंज’ असं लिहिलं. ‘ळि’ची ती ऐसपैस वेलांटी कार्डावरही होती.

मी कार्ड शेजारी ठेवलं. त्या खाली बसल्या.

“मुलीला बघायला पाहुणे आले होते,” त्या म्हणाल्या. “फळीकडे बघितलं आणि चहा न घेता उठले. यांना शंभरदा सांगितलं, ऐकत नाहीत. मला वाटलं पोलीस सामान नेतील. माणसाला नेतात हे मला कुठं ठाऊक?”

“बाई, त्यांनी चपटीत ब्रँडी आहे म्हणून कबूल केलंय. शिक्षा होईल.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाल्या, “ब्रँडी नाही त्यात. आणली त्याच दिवशी, हे न्हायला गेल्यावर, केळीच्या बुंध्याशी ओतली मी. घरात देव आहेत हो. आत गंगाजल आहे. सासूबाईंच्या गडूतलं.”

“गंगाजल कशाला? साधं पाणी घालायचं.”

“साधं पाणी नासलं असतं. आणि रिकामी ठेवायची सोय नव्हती. रोज कानाशी नेऊन हलवतात. आल्यागेल्याला ऐकवतात, साहेबाची शेवटची ब्रँडी म्हणून. एवढा आनंद व्हायचा त्यांना.” बोलताना त्यांना रडू आलं. नवऱ्याला सोडवायचं तर त्याचा हा आनंद त्याच्या तोंडावर मोडावा लागणार होता.

मी तेच पंच बोलावले, गृहस्थांना बाहेर आणलं. बाईंनी चपटीचं सगळं सांगितलं, मान खाली घालून. मग त्या म्हणाल्या, “आणि अजून एक…”

“खबर कोणी दिली हे सांगायची सक्ती पोलिसावर कोर्टातसुद्धा नाही,” मी मोठ्यानं म्हटलं. “तो विषय इथं निघणार नाही.”

सील तोडलं, झाकण फिरवलं. मी वास घेतला, काही नाही. तळहातावर थोडं घेऊन चाखलं, पाणी. पंचांपैकी म्हाताऱ्यानं आपसूक उजवा हात पुढे केला आणि पाणी तीर्थासारखं पिऊन ओला हात डोक्याला लावला. पंचनाम्यात मी लिहिलं, ‘सदर द्रव पंचांनी प्राशन केला असता पाणी असल्याचे निष्पन्न झाले.’

गृहस्थ चपटीकडे बघत उभे होते. “म्हणजे तीन वर्षं मी लोकांना गंगा ऐकवत होतो होय,” ते म्हणाले, आणि डोळे पुसत हसत सुटले. बाई आणखीच रडायला लागल्या.

सामान परत करताना त्यांनी बुचांचे आकडे एक एक करून तपासले. मग पत्नीला टांग्यात बसवून ते एकटेच परत आले.

“साहेब, ते कार्ड तिच्या नजरेस पुन्हा पडू देऊ नका. मी अक्षर ओळखलं हे तिला कळलं तर तिच्या घशाखाली घास उतरणार नाही.”

मी विचारलं, “ओळखलं होतं, तर गप्प का बसलात?”

“तुम्ही कार्ड लिहिणाऱ्याला बोलवायला निघाला होतात. मी हो म्हटल्यावर तुम्ही थांबलात.”

पुढे मी पुष्कळ कबुल्या घेतल्या. पटकन मिळालेल्या प्रत्येक कबुलीशी मी थबकलो, आणि हा माणूस कुणाला पाठीशी घालतोय हे आधी शोधलं. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. बोलावणं करायला दोघं ठाण्यावर आले. ते हवालदाराशी बोलत असताना बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “यांना कळलं नाही ना साहेब, कार्डाचं?”

आज दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे. वर्दी अंगावर असताना, सरकारी खुर्चीत बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून मी सांगितलं, “नाही बाई. त्यांना काही कळलेलं नाही.”