तीळबाईंची खूण

तीळबाईंना राग आला की त्या बोलत आणि किळस आली की गप्प होत. गेले तीन आठवडे लेक-जावयाच्या घरात त्यांचा आवाज जवळजवळ ऐकूच आला नव्हता.

तीळबाई हे नाव त्यांना कारखान्यात मिळालेलं. घडीचे चाकू बनवणारा तो कारखाना. काळी मूठ, आणि त्या मुठीत दोन पाती, कात्री, टोच्या, पेचकस, डबा उघडायचं हत्यार असा भरलेला संसार. तो सगळा दाटीवाटीने बसवून वरून रिव्हेट ठोकायचं काम बाईंनी निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं केलं. तिथे एक रीत होती. मूठ बंद करण्याआधी बसवणाऱ्याने आतल्या पितळी पत्र्यावर आपली खूण कोरायची. कुणाची फुली, कुणाचा मासा, बाईंचे तीन तीळ. एखादा चाकू तक्रार घेऊन परत आला की फोरमन तो उघडून टेबलावर ठेवी आणि एवढंच विचारी, "खूण कुणाची?" ज्याची असेल त्याने जागेवर उभं राहायचं. शिक्षा तेवढीच. बाई सव्वीस वर्षांत दोनदा उभ्या राहिल्या होत्या आणि ते दोन्ही दिवस त्यांना अजून आठवत.

नशिबाची थट्टा अशी की लेक नेमकी लाल मुठीवाल्यांच्या घरात पडली. व्याह्यांचा सारा जन्म लाल मुठीचे चाकू बनवणाऱ्या प्रतिस्पर्धी कारखान्यात पाती घासण्यात गेला होता. पहिल्या भेटीत देण्याघेण्याचं कुणी काढलं नाही, वाद झाला तो कात्रीवरून.

"तुमचं पातं कडक, मान्य," व्याही म्हणाले होते, "पण कात्री म्हणजे नुसती शोभेची."

"तुमची कात्री बरी आहे," बाई म्हणाल्या, "फक्त तिच्या शेजारचं पातं लोणी कापतानाही दमतं."

पुढची नऊ वर्षं दोघांनी हेच केलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यात दोघांनाही मजा येत असे.

जावयाला वायरमनचा परवाना मिळाला तेव्हा बाईंनी त्याला नवाकोरा काळ्या मुठीचा चाकू दिला. मखमलीची डबी, वर चकचकीत वेष्टन, त्यावर आपल्या कारखान्याचा शिक्का. "डोळे झाकून वापरा," असंही म्हणाल्या. जावयाने चांगले डोळे उघडे ठेवून वापरला. तरीही महिन्याभरातच एक वायर सोलताना उघडं पातं आपोआप मिटलं आणि उजव्या अंगठ्यात हाडापर्यंत गेलं. त्याने चाकू कंपनीकडे पाठवला. कंपनीने तो पत्रासकट परत पाठवला: उत्पादनात दोष आढळला नाही, हाताळणीत निष्काळजीपणा झाला असावा. खाली सही नव्हती, नाव नव्हतं, नुसता शिक्का. असे गुळगुळीत हात वर केलेले पाहून बाईंना किळस आली.

त्याहून वाईट म्हणजे जावयाला ते पत्र पटलं. "माझाच हात धड नाही, आई," असं म्हणून त्याने हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली. टाके निघाले, डॉक्टरांनी अंगठा हलवायला सांगितलं, तरी तो हलवेना. विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर बसायला माणूस हवा होता, तिथे अर्ज करायचं त्याने ठरवलं. वायरमनगिरीत ज्याचा हात लोक वाखाणत, तो माणूस आता चहाचा कप डाव्या हाताने उचलायचा. लेक आईशी कामापुरतंच बोलत होती.

अशात एका दुपारी व्याही नवा लाल मुठीचा चाकू घेऊन आले. "आता तरी कबूल करा, विहीणबाई. आमच्याकडे असं झालं नसतं."

बाईंनी लाल चाकूचं पातं उघडलं आणि त्याची पाठ टेबलाच्या कडेवर ठोकली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पातं अर्धं मिटलं. कारखान्यात याला डुलकी म्हणत. उघडं पातं जागं राहिलं पाहिजे, डुलकी घेणारा चाकू दाराबाहेर जाता कामा नये. मग त्यांनी जावयाचा काळा चाकू ठोकला. त्याने तर दुसऱ्याच ठोक्याला मान टाकली.

व्याह्यांचा चेहरा उतरला. बाईंनी कानस घेतली आणि दोन्ही चाकूंचे रिव्हेट घासून काढले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही. आत दोन्हीकडे तीच स्प्रिंग, नखाने वाकेल इतकी पातळ. तोच टोच्या, तेच पेचकस. व्याह्यांनी लाल चाकूची कात्री काढून काळ्या मुठीत बसवली, ती बिनबोभाट बसली. पितळी पत्रा बाईंनी टोच्याने खरवडला तर पिवळा रंग निघाला आणि खाली पांढरा पत्रा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि खूण कुठेच नव्हती.

"हे आमचं काम नाही," व्याही हळू आवाजात म्हणाले.

"आमचंही नाही."

"मग कुणाचं?"

या प्रश्नाची बाईंना सर्वांत जास्त शिसारी आली. दोन नावं, दोन रंग, माल कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणचा, आणि चुकीला उभं राहायला एकही माणूस नाही. नऊ वर्षं आपण भांडलो ते नुसत्या मुठीच्या रंगावरून, हेही कळलं. पण ती शिसारी तिथेच थांबेना. हजारो चाकू त्यांनी परक्यांसाठी ठोकून पाहिले होते. घरचा एकच चाकू होता, तो डबीतून बाहेरसुद्धा काढला नाही. आपल्याच शिक्क्यावर संशय घ्यायची त्यांना लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच किळस आली.

त्यांनी टोच्या उचलला आणि काळ्या चाकूच्या त्या खोट्या पितळेवर तीन तीळ कोरले.

जावई आतल्या खोलीत डाव्या हाताने दुकानाचा अर्ज भरत होता. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी उघडा चाकू अर्जावर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. व्याही दारात येऊन थांबले.

"विचारा," बाई म्हणाल्या.

फोरमनची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. जावयाने तीळ पाहिले. "आई, हा चाकू तुम्ही कुठे बसवलाय?"

"बसवला नाही, पण दिला मी. न ठोकता दिला. पातं डुलकी घेत होतं, तुमचा हात नाही. विचारा तुम्ही."

त्याने अंगठ्यावरचा व्रण पाहिला. मग म्हणाला, "खूण कुणाची?"

तीळबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. लेकीच्या, व्याह्यांच्या, सगळ्यांच्या देखत सरळ उभ्या राहिल्या.

"माझी."

जावयाने पेन खाली ठेवलं. मग तो उघडा चाकू उजव्या हाताने जवळ ओढला आणि अंगठा त्या तीन तिळांवरून हळूहळू फिरवत राहिला.