मोटेचं तेल

येलदरीच्या वसाहतीत धरणावरचं धुकं उतरून आलं की समोरची घरं पुसली जात. मनकर्णा सडा टाकायला अंगणात येई, तेव्हा तिला आपल्या ओसरीवरची खुर्ची तेवढी दिसे. काळसर तांबूस चामड्याची, रुंद हातांची, पाठीकडे कललेली. पांढऱ्या धुक्यात ती एखादी गाय रवंथ करत बसल्यासारखी वाटे, आणि मनकर्णाचा हात नकळत डोक्यावरच्या पदराकडे जाई.

खुर्ची बदली होऊन गेलेल्या इंजिनिअर साहेबांची. मनकर्णाचे यजमान भगवानराव वीजघरात मशीनवर होते. साहेबांनी जाता जाता ती त्यांनाच देऊन टाकली. गडी ती उचलून दारात आले, तेव्हा सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. धुरपताबाई वालूरच्या, देवाधर्माच्या बाबतीत लय कडक.

"कातड्याची हाय. देवाच्या घरात न्हाई यायची."

"माय, नुसती बसायची खुर्ची हाय," भगवानराव म्हणाले.

"मंग बस की भायेर. मी कुठं न्हाई म्हनले?"

खुर्ची ओसरीवर राहिली. वीजघरातली पाळी संपली की भगवानराव तिच्यात रेलून धरणावरचे दिवे बघत, आणि बघता बघता त्यांचा डोळा लागे. नवऱ्याचा तो निवलेला चेहरा मनकर्णाला आवडायचा. सासूच्या कपाळावरची आठी मात्र तिला सोसवत नसे. दोघांचंही मन राखायचा एक मार्ग तिने काढला. रोज सकाळी तांब्याभर पाण्यात गोमूत्राचे चार थेंब टाकून, ओलं फडकं घेऊन ती खुर्ची धुवायची. नाम घेत घेत, देव्हारा पुसावा तशी. मग ऊन येईल तिथे सरकवून ठेवायची. सासूबाई आतून म्हणायच्या, "पुसलीस का ग?" "पुसली, आत्याबाई." दोन पावसाळे असेच गेले. देव राजी, माणसं राजी.

भाद्रपदात भगवानरावांचा वीजघराच्या ओल्या पायऱ्यांवर पाय घसरला. बरगड्या मोडल्या. त्यांना परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबतीला शेजारचे तात्याराव गेले, त्यांच्याच पाळीवरचे. आठवड्याने तात्यारावांची बायको पंचफुला निरोप घेऊन आली. नेहमीसारखी ती उंबऱ्याकडे न येता ओसरीच्या खांबाशीच थांबली.

"वैनी, सोडायलेत भाऊजींना घरी. पन डाक्टर म्हनलेत, आडवं निजवायचं न्हाई. दुखतंय, दम कोंडतोय. महिनाभर टेकून बसवूनच निजवायचं."

"टेकून? कशाला टेकून, बाई?"

"भाऊजी म्हनले, माझी खुर्ची हाय की. दवाखान्यात तिचंच नाव घ्यायलेत. आमचे हे म्हनले, बायकोचं बी नाव घ्या कधी!"

मनकर्णा हसली. पंचफुला गेल्यावर ती खुर्चीपाशी आली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा फडक्याशिवाय तिच्यावर हात ठेवला.

बैठक वाळल्या भाकरीसारखी कडक झाली होती. दाबली की करकर वाजत होती. घड्यांमध्ये हिरवट बुरशी, पाठीवर पांढरे डाग, डाव्या हातावर बोटभर लांब चीर. अशा खुर्चीत मोडक्या बरगड्यांचा माणूस कसा निजेल? ऊन-पाण्याने चामडं फाटतं हे तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं? पण तिने ते चामडं म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. विटाळ म्हणून पाहिलं होतं, आणि विटाळ धुतला होता.

ती जमिनीवर बसली, खुर्चीच्या हाताला कपाळ टेकलं. डोळे मिटले. बुरशीच्या खालून, उन्हाच्या खालून एक जुना वास वर आला. त्या वासाबरोबर कुठून तरी चाकाची कुरकुर आली. बाबांची विहीर. तिचे बाबा मुंजाजी विहिरीच्या उतरत्या धावेवर बैलांमागे उलटे-सुलटे चालताहेत, गळ्यात गाणं. अंधाऱ्या विहिरीतून मोट वर येते, पोट फुगलेली, अंगभर पाझरणारी. काठाशी आली की सोंड पसरते आणि पाणी दगडी थारोळ्यात कोसळतं, त्यावर क्षणभर इंद्रधनुष्य. परकरातली मनकर्णा ओंजळ धरून उभी. आणि आई घागर धरून म्हणते आहे, "सरक ग, देवाच्या आंघोळीला पाणी नेऊ दे."

मनकर्णाने डोळे उघडले. देवाच्या आंघोळीला. चामड्याच्या मोटेतलं.

मग बाकीचंही आठवत गेलं. मोट कधी उन्हात पडू द्यायचे नाहीत बाबा. करडईचं तेल कोमट करायचं, त्यात मधाच्या पोळ्याचं मेण विरघळवायचं, आणि बाळाचं अंग चोळावं तसं मोटेला चोळायचं. "वाळलं की रुसतंय, पोरी. लई पाजलं की माजतंय. थोडं देऊन वाट बघायची."

तिने आधी कोरड्या मऊ धोतराच्या फडक्याने घड्याघड्यांतली धूळ आणि बुरशी झटकली. रिठ्याचा नुसता फेस घेतला, पाणी नाही, आणि तो फिरवून लगेच टिपून घेतला. खुर्ची सावलीत, वाऱ्याला ठेवली. पुरती वाळल्यावर चुलीवर तेल-मेण कोमट केलं. बाबांच्या सवयीने आधी पाठीमागे, कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बोटभर लावून पाहिलं. चामडं गडद झालं, पण डागाळलं नाही. मग हात चालू लागला, गोल गोल. आपण खुर्चीला तेल लावतोय की नवऱ्याच्या पाठीला, की बाबांच्या मोटेला, हे तिचं तिलाच कळेना.

त्यातच विद्यापीठाच्या नामांतराच्या वादातून जिंतूरला रस्ता अडवला गेला आणि गाड्या बंद झाल्या. भगवानरावांचं येणं लांबलं. मनकर्णाला घोर लागला, पण तेल मुरायला सवड मिळाली. तिने उरलेलं पुसून घेतलं, पुन्हा हात फिरवला. बैठक दाबली, तर ती हळूच आत गेली आणि श्वास घ्यावा तशी वर आली.

आता राहिला उंबरा. ओसरीवर ओल, रात्रीचं धरणाचं वारं. तिथे आजारी माणूस कसा निजवायचा? धुरपताबाई देव्हाऱ्यापुढे वाती वळत होत्या.

"आत्याबाई, वालूरला तुमच्या देवाला पाणी कुठलं असायचं?"

"कुठलं म्हंजे? विहिरीचं."

"विहिरीतून वर कशात यायचं?"

वाती वळणारा हात थांबला. म्हातारीने सुनेकडे पाहिलं, तिच्या तेलकट बोटांकडे पाहिलं.

"खुर्चीला तेल लावता लावता जिभेला बी लावलंस जनू," त्या म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. वात मात्र पुन्हा उकलून नव्याने वळायला घेतली.

रस्ता खुला झाला त्या सकाळी पंचफुला धावत आली. "येष्टी निघाली, वैनी! आमचे हे घेऊन यायलेत." खुर्ची एकटीने हलणारी नव्हती. मनकर्णा म्हणाली, "त्या बाजूनं धरता का?"

पंचफुलाने पदर खोचला, खुर्ची धरली आणि उंबऱ्यापाशी थबकली. ओठांच्या कोपऱ्यात हसू, डोळ्यांत मात्र नाही.

"मी आत आल्यावर गोमूत्र खुर्चीवर शिंपडाल का माझ्यावर?"

 मनकर्णा खुर्ची धरून तशीच उभी राहिली. आतून धुरपताबाईंचा आवाज आला, चिडका, घाईचा.

"उभ्या काय ऱ्हायल्या दोगी? लेकरू यायलंय माझं. आना आत. आन् भिंतीला घासू नका, चीर पडलेली हाय तिला."

खुर्ची मधल्या खोलीत आली, देव्हारा दिसेल अशी. पंचफुलाने त्या घरात पहिल्यांदा बसून चहा घेतला. कप कुठला द्यायचा याचा विचार मनकर्णाच्या हातात क्षणभर अडखळला, आणि मग तिने सगळ्यांसाठी सारखेच कप काढले.

दुपारी भगवानराव आले, तात्यारावांच्या खांद्याचा आधार घेत. खुर्चीत टेकले तसा त्यांच्या तोंडून बारीकसा हुंकार निघाला, दुखल्याचा नव्हे. हाताने चीर चाचपली. मान वळवून नाक चामड्याजवळ नेलं.

"साहेबाच्या बंगल्याचा वास न्हाई हा. कशाचा हाय?"

मनकर्णा काही बोलणार, तोच कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "मोटेचा."

भगवानरावांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीचा भाता संथ चालू लागला. धुरपताबाई उठल्या, पाण्याचा तांब्या खुर्चीशेजारी ठेवला, आणि जाता जाता खुर्चीच्या डाव्या हातावर सांडलेला एक थेंब पाहून तो आपल्या पदराने टिपून घेतला.

"पानी राहू देऊ नको ग तिच्यावर," त्या सुनेला हळूच म्हणाल्या.