घाट उतरायचा खेळ

दुकानदाराने खेळाची सीडी हातात धरली, पण पुढे काही करेना. म्हणाला, "मॅडम, ही नका नेऊ. लई कंटाळवाणी आहे. एकाने नेली होती, दुसऱ्या दिवशी परत आणून दिली."

"का परत आणली?"

"अहो, गाडी पळतच नाही. चढ आला की गिअर बदलत बसा. जरा घाई केली की बंद पडते. लोकांना रेसिंग पाहिजे असतं."

मी म्हटलं, मग हीच द्या.

नाशिकच्या त्या गल्लीत मी काही पहिल्यांदा गेले नव्हते. जव्हारहून एसटीने मोखाडा, त्र्यंबक करत यायचं, अंग खिळखिळं करून घ्यायचं आणि दुकानात उभं राहून खेळ बघायचे. आधी एक नेला होता तो भिंतीवर आपटल्या तरी पुढे पळणाऱ्या लाल गाड्यांचा. बाबांनी तो क्षणभर पाहिला आणि म्हणाले, "एवढी आपटली तरी दिवे शाबूत? आपल्याला येडा समजतात काय?" नंतरच्यात गाडी फुटायची, पण घाटात वळण घेताना स्टेअरिंग नुसतं टिचकीने फिरायचं. बाबा म्हणाले, पोरांचा भोवरा आहे हा. मला अशी तिडीक गेली. मी एवढी वणवण करतेय आणि हे नाक मुरडतायत. पण मनातून बरंही वाटलं, कारण किती महिन्यांनी माणूस कशाला तरी नावं ठेवत होता.

मी तेव्हा जव्हारला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. क्लासला नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्यातला एक मी घरी आणला, शिवणयंत्राच्या टेबलावर मांडला. लोकांना सांगितलं, घरी सराव करायला. खरं कारण बाबा होते.

बाबा जव्हार-खोडाळा रस्त्यावर जीप चालवायचे. स्वतःची जीप, स्वतःचा नंबर, नाक्यावर मान. मग एकदा खोडाळ्याच्या बाजारातून येताना उतारावरच्या वळणावर जीप कलंडली. आत माणसं दाटीवाटीने, टपावर नागलीची पोती. जीव कुणाचा गेला नाही, पण साखरशेतचे एक आजोबा उजव्या हाताला कायमचे मुकले. बाबांना खरचटलंही नव्हतं. पोलिसांनी लिहून घेतलं, ब्रेक निकामी. लायसन राहिलं, जीप दुरुस्त करून विकली, आणि त्यानंतर बाबांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. एसटीत बसले तरी शेवटच्या सीटवर बसायचे आणि उतार आला की उजव्या पायाने खालचा पत्रा दाबत राहायचे. मी शेजारी बसलेली असायचे, मला दिसायचं.

पण घरातलं खरं दुखणं बाबांचं नव्हतं. ते आईचं होतं. जीपचे ब्रेक आदल्याच आठवड्यात माझ्या मामाने केले होते.

मामा आईचा पाठचा, एकुलता एक भाऊ. नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. अपघाताच्या संध्याकाळी तो धावत आला आणि दारात उभा राहिला. आईने त्याला आत घेतलं नाही. म्हणाली, "माझ्या कुंकवावर उठलास. माझ्या घरात पाऊल टाकू नकोस." त्याने तिच्या खांद्यावरून आत बघत बाबांना एवढंच विचारलं, "दाजी, ब्रेक खाली गेला की दगड झाला?"

बाबा म्हणाले, "दगड झाला."

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. मग चपला पायात सरकवल्या आणि गेला. मला वाटलं, तोंड चोरून गेला. आईलाही तेच वाटलं. नाक्यावरच्या जीपवाल्यांनी त्याच्याकडे गाड्या न्यायचं बंद केलं, तो म्हणे मेव्हण्याचे ब्रेक नीट बसवत नाही, आपले काय बसवणार. काही महिन्यांत शेडला कुलूप लागलं आणि मामा भिवंडीला कुणाच्या तरी गॅरेजात नोकरीला गेला.

पहिल्या भाऊबीजेला आईने संध्याकाळी ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. मला वाटलं राग निवळला, आता मामा येईल. ती ताट घेऊन अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. हिचा भाऊ भिवंडीत धडधाकट होता. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या, त्यांनी पटकन मान वळवली. पुढच्या वर्षी तसंच, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी एकदा म्हटलं, "आई, असं जिवंत माणसाला मारू नये गं." त्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

तर मला काय वाटत होतं ते सांगते. वाटत होतं की बाबा पुन्हा गाडी चालवायला लागले, त्यांच्या मनातली भीती गेली, की आईचा राग आपोआप उतरेल. नवरा उभा राहिला की भावाला माफ करता येईल. जीप नाही तर निदान खेळात. पण खेळ खरा पाहिजे होता. बाबांच्या हाताला तो फसवू शकला पाहिजे. म्हणून दुकानदार ज्या ज्या गोष्टीला वैतागला होता, चढावर दमणारं इंजिन, भरलेल्या मालाचं ओझं, तापणारे ब्रेक, त्या सगळ्या मी बोट ठेवून विचारून घेतल्या. सोबत एक वापरलेलं स्टेअरिंग घेतलं, टेबलाला आवळून बसवायचं, खाली दोन पेडल आणि बाजूला गिअरची बुटकी दांडी. क्लच नव्हता. दुकानदार म्हणाला, क्लचवालं इकडे कुठे मिळतंय मॅडम.

दिवाळीची सुट्टी लागली होती. दुपारी वीज असायची तेवढ्यात मी सगळं जोडलं. आई उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. ती या कॉम्प्युटरला डबडं म्हणायची आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची. पण त्या दिवशी ती तोंड आमच्याकडे करून बसली होती. बाबांनी खाली पाहिलं आणि पहिलाच प्रश्न, "क्लच कुठाय?"

"नाहीये. आपोआप दबतो असं समजा."

"आपोआप दबतो," ते म्हणाले. "मग डायवर कशाला पायजे?" पण बसले.

पडद्यावर मालाने भरलेला ट्रक होता आणि समोर डोंगराचा रस्ता. सुरुवातीला त्यांनी तो दोनदा बंद पाडला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "गप. बोलू नको." तिसऱ्यांदा ट्रक निघाला. चढ लागला. इंजिनचा आवाज जड झाला, त्यांनी दांडी मागे घेतली, आवाज मोकळा झाला. "आता कसं," ते स्वतःशीच म्हणाले. पाठ ताठ झाली होती. वळणावर मान आपोआप कलायची. अहो, खांद्यावरचा टॉवेल त्यांनी गळ्यात नीट अडकवून घेतला, जीपमध्ये बसल्यावर घ्यायचे तसा. मला रडू यायला लागलं आणि मी ते खोकल्यावर नेलं. आईसुद्धा बघत होती. तिच्या तोंडावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं काहीतरी होतं, हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या वाटेवरचं.

चढ संपला. माथा आला. पुढे रस्ता खाली वळणावळणाने गेलेला दिसत होता.

बाबांच्या डाव्या हाताने गिअरची दांडी न्यूट्रलला आणली. मग तोच हात टेबलाच्या कडेखाली गेला, अंगठा आणि बोट जुळलं, आणि त्यांनी काहीतरी स्वतःकडे ओढलं. तिथे ओढण्यासारखं काहीच नव्हतं. शिवणयंत्राच्या टेबलाची कड होती नुसती.

मला काही कळलं नाही. ट्रक उतारावर सुटला, वेग वाढत गेला, बाबा पेडल दाबत होते, आणि दुसऱ्या वळणावर तो रस्ता सोडून खाली गेला. पडद्यावर चाकं वर. मी म्हणणार होते, होतं असं, पहिलीच वेळ आहे. पण मागे तांदळाचा आवाज थांबला होता.

"काय ओढलंत?" आईने विचारलं.

"कुठे काय?"

"आत्ता. हात खाली नेलात तुम्ही. काय ओढलंत?"

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून तसाच होता, बोटं जुळलेली.

जुन्या डिझेल जीपला चावी फिरवून इंजिन बंद होत नसे. डॅशबोर्डखाली एक मूठ असायची, ती बाहेर ओढली की इंजिन गप्प. हे मला माहीत होतं, पण आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. जामसरला माहेरी जाताना ती पुढे बसायची. माथ्यावर आलं की बाबा मूठ ओढायचे आणि जीप आवाज न करता खाली घरंगळायची. डिझेल वाचायचं. ती मला नंतर म्हणाली, लग्न झाल्यावर तिला ती शांतता फार आवडायची, वाऱ्याचा नुसता आवाज यायचा.

"सवय आहे," बाबा म्हणाले.

"त्या दिवशी पण?"

बाबांनी तो हात मांडीवर घेतला. मीच मध्ये पडले, मला धीर कुठला. "पण बाबा, इंजिन बंद असलं म्हणून ब्रेक कसा जाईल?"

"जात नाय," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "इंजिन चालू असलं की ब्रेकला त्याचा जोर मिळतो. बंद असलं की एकदोनदा दाबला जातो, मग दगड होतो, दबतच नाय. ब्रेकचं काम बिघडलं असतं तर पाय खाली गेला असता."

खाली गेला की दगड झाला. मामाने दारात उभं राहून तेच विचारलं होतं.

आईने सूप बाजूला ठेवलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी नव्हतं गं. देवाशपथ. नंतर कळलं." त्यांनी गळ्यातला टॉवेल काढला. "मग रोजच कळत राहिलं."

माझा संताप उसळला. मी स्टेअरिंगची पकड सैल केली आणि ते टेबलावरून काढून खाली ठेवलं. आपटलंच म्हणा ना. बाबांनी अडवलं नाही. आईच्या डोळ्यात पाणी नव्हतं. ती उठली, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल. त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

एसटीडी बूथमध्ये आम्ही दोघी कशाबशा मावलो. भिवंडीच्या गॅरेजवाल्याने मामाला बोलावेपर्यंत आई रिसीव्हर कानाला घट्ट दाबून उभी होती. मामाचा आवाज आला तेव्हा ती ना कसा आहेस म्हणाली ना काही. थेट विचारलं, "तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

पलीकडे गॅरेजचा खणखणाट होता. मग मामा म्हणाला, "ताई, दाजींचं लायसन गेलं असतं. आजोबांचा हात गेला होता, केस उभी राहिली असती. माझं काय, माझे पाने कुठेही चालतात."

"आणि मी? मी तुला काय काय बोलले."

"तू रागात होतीस."

"अरे, तीन वर्षं कुणी रागात असतं का?" ती ओरडली, आणि मग बूथच्या काचेला डोकं टेकून रडली. मामा तिकडून ताई, ताई करत राहिला. रिसीव्हर मी घेतला आणि म्हटलं, भाऊबीजेला ये. तो म्हणाला, "येईन गं. पण नाक्यावरून नाही येणार. बसमधून आधीच्या थांब्यावर उतरेन." आपल्याच गावात त्याला मागच्या वाटेने यायचं होतं.

ते मी घरी आल्यावर जसंच्या तसं बाबांना सांगितलं. मुद्दाम सांगितलं. आई म्हणाली, "तो नाक्यावरून येईल. तुम्ही आधी तिथे जाऊन सांगा, सगळ्यांसमोर. नाहीतर माझ्याशी बोलू नका."

बाबा भाऊबीजेच्या सकाळी गेले. अपघातानंतर ते नाक्याकडे फिरकले नव्हते, भाजी आणायलासुद्धा लांबून जायचे. मला वाटलं मारामारी होईल. निदान चार शिव्या तरी पडतील, मामाचा धंदा बुडवला म्हणून कुणीतरी गचांडी धरेल. आई चिंचेने ओवाळणीचं ताट घासत बसली होती. ते केव्हाच लख्ख झालं होतं, तरी घासतच होती.

बाबा आले आणि चपला न काढता पायरीवर बसले.

"सांगितलंत?" आईने विचारलं.

"सांगितलं. इंजिन मी बंद केलं होतं म्हणून सांगितलं. ब्रेक चांगले होते म्हणून सांगितलं."

"काय म्हणाले?"

"कायच नाय. एकाने माझ्यासाठी चहा सांगितला."

"म्हणजे?"

बाबा अंगणाकडे बघत होते. "त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी वळणावर मदतीला आले तेव्हा मी दगड झाला म्हटल्याबरोबरच सगळ्यांना कळलं होतं. सगळेच मूठ ओढून उतरवतात. खरं बोलले असते तर पॅसेंजरने दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला विचारलं असतं, तू पण इंजिन बंद करतोस का. म्हणून गप बसले, दोष त्याच्यावर राहू दिला."

आईच्या हातातलं ताट मांडीवर आलं. चिंचेचं पाणी तिच्या लुगड्यावर ओघळत होतं, तिचं लक्ष नव्हतं. आवाज चढवला नाही तिने. शेजारच्या काकू कुंपणापाशी होत्या, त्यांनाही ऐकू गेलं नसेल इतक्या हळू म्हणाली, "सगळ्यांना ठाऊक होतं. मग मी चंद्राला ओवाळत होते तेव्हा एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही?"