ओलाव्याचे दोन किलो

वजन उतरवायचं इंजेक्शन लिहून देणारे तीन ऑनलाइन डॉक्टर मी आर्णीत बसून पारखले. पहिल्या दोघांनी वजन न विचारताच होकार दिला. माझं डोकं फिरलं; इथं कापूससुद्धा मोजल्याशिवाय कोणी घेत नाही. तिसऱ्या बाईंनी व्हिडिओवर वजन विचारलं. घरी काटा नाही, म्हणून कॉल चालूच ठेवून मी शेजारीच दिराच्या कापूस खरेदी केंद्रावर गेले आणि काट्यावर चढले.

ओल्या कापसाचं वजन कापायच्या सवयीनं दीर म्हणाले, "ब्याण्णव हाय वहिनी. ओलाव्याचे दोन कापतो, नव्वद धरा."

मी खुशीत नव्वद सांगितलं.

"कॅमेरा काट्याकडे करा," बाई म्हणाल्या.

मला हसू आवरेना, त्यामुळे काट्यावरचा आकडा ठरेना.

"हसून घ्या," त्या म्हणाल्या, "मी थांबते."

तिथंच डॉक्टर ठरल्या.