निळं गोड, नारिंगी खारं

वडनेर भोलजीहून रोज सकाळच्या एसटीनं नांदुऱ्याला जाणाऱ्या बायकांमध्ये महामाया तायडेला सगळ्या जिनिंगवाली पोरगी म्हणून ओळखायच्या. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका खाजगी जिनिंगमध्ये ती वजनकाट्यावरच्या संगणकावर बसायची. कापसाची गाडी आली की भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओल, गाव असं सगळं टाकायचं आणि पावती काढून द्यायची. काम चोख होतं, पण तिचं मन त्यात पुरतं रमत नव्हतं. दिवसभर आकडे संगणकात जायचे आणि एकदा आत गेले की त्यांचं तोंड पुन्हा कुणी पाहत नसे. कोणत्या गावचा कापूस ओला येतो, कोणत्या आठवड्यात गाड्यांची रांग पार रस्त्यावर जाते, हे सगळं त्या आकड्यांना ठाऊक होतं. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

कसं विचारायचं, ते ती मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकू लागली. आकड्यांचा ढीग एका पडद्यावर असा मांडायचा की पाहणाऱ्याला एका नजरेत कळावं, याला डॅशबोर्ड म्हणतात हे तिला तिथंच समजलं. आणि तिथंच तिला एका ऑनलाइन मंडळाचा पत्ता लागला. मंडळ म्हणजे निरनिराळ्या गावांतले, देशांतले लोक. कुणी शिकणारे, कुणी शिकलेले. दर सोमवारी तिथं सगळ्यांना एकच तक्ता मिळायचा. त्याला ते चॅलेंज म्हणत. रविवारपर्यंत ज्यानं त्यानं आपला डॅशबोर्ड करून टाकायचा आणि मग एकमेकांच्या कामावर बोलायचं. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. काय आवडलं ते सांगा आणि कुठं अडलात ते सांगा, एवढाच नियम.

महामायाच्या वाट्याला पहिलं चॅलेंज आलं ते कुठल्याशा परदेशी शहरातल्या भाड्याच्या सायकलींचं. वडनेरात भाड्याची सायकल तिच्या बापाच्या लहानपणी मिळायची, तिनं काही पाहिली नव्हती. पण हरकत घेतली नाही. आठवडाभर खपून तिनं पडद्यावर जत्रा भरवली. गोल चकत्या, उभे दांडे, मोटारसायकलच्या काट्यासारखं एक घड्याळ, आणि जेवढे रंग संगणकात होते तेवढे सगळे.

नाशिकच्या मंजुश्री नावाच्या एका बाईनं तिचं नाव पाहून मराठीतच लिहिलं, "मेहनत दिसते आहे. फक्त एक अडलं. मी आधी कुठं पाहू?"

महामायाला ते वाक्य झोंबलं. बी.एस्सी. झालेल्या पोरीला अशी भाषा सवयीची नव्हती. तिनं लॅपटॉप मिटला आणि चुलीपाशी बसलेल्या आईला, केसरबाईला, सगळं सांगितलं.

"मंग तू काय सांगतलं तिले?" केसरबाईनं विचारलं.

"काईच नाही. काय सांगू?"

"सांग न कुठी पाहाचं ते. तुले तं मालूम असन."

आणि तिथंच महामाया अडकली, कारण तिलाही ते ठाऊक नव्हतं. त्या सायकलींबद्दल आपल्याला काय सांगायचं आहे, हे ठरवायच्या आधीच ती रंग द्यायला बसली होती. दुसऱ्या दिवशी एसटीत खिडकीपाशी बसून तिनं तो तक्ता मोबाइलवर पुन्हा पाहिला. पावसाळी दिवसांत सायकली निम्म्यावर येत होत्या. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच होती. तिनं बाकी सगळं पुसलं, एक रेघ ठेवली आणि तिच्या डोक्यावर तेच वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं. मंजुश्रीनं कळवलं, "आता अडले नाही."

तिथून पुढं जवळजवळ वर्षभर एकही सोमवार तिनं चुकवला नाही. चकत्या गेल्या, त्यांच्या जागी मोठ्याकडून लहानाकडं लावलेल्या आडव्या पट्ट्या आल्या. रंग जपून वापरायचे, भाजीत मीठ टाकतात तसे, हे हाताला कळलं. पण खरं शिक्षण झालं ते दुसऱ्यांची कामं पाहताना. सुरुवातीला ती तिथं तोंड उघडत नसे. इंग्रजी मोडकंतोडकं, आणि समोर मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं. एकदा मात्र तिनं धीर करून एकाला लिहिलं की तुमचा डॅशबोर्ड मी दोनदा वाचला, मला कळला नाही. तिला वाटलं, आता हसतील. त्या माणसानं आभार मानून विचारलं, नेमकं कोणत्या ठिकाणी कळेनासं झालं? मग सगळी मांडणी बदलून त्यानं तो पुन्हा टाकला. शाळेत 'समजलं नाही' म्हटलं की मान खाली घालून बसावं लागे. इथं तेच सांगितल्यावर समोरचा आभार मानत होता. त्या दिवशी ती जिनिंगमध्ये जरा ताठ बसली, असं तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मंडळानं वेगळं चॅलेंज दिलं. या खेपेला तक्ता मिळणार नव्हता. आपल्या गावातलं काहीतरी स्वतः मोजायचं आणि मांडायचं.

महामायाला विषय शोधावा लागला नाही. पूर्णा नदीकडचा हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. एका हापशीचं पाणी गोड, तर हाकेच्या अंतरावरच्या दुसरीचं असं की त्यात डाळ शिजत नाही. कोणाचं पाणी कसं, हे ज्याला त्याला आपल्यापुरतं माहीत होतं, अख्ख्या गावाचं कुणालाच नाही. तिनं पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं एक यंत्र मागवलं. बचत गटाच्या अध्यक्ष बेबीताई बरोबर आल्या, म्हणून कुणी दार लावून घेतलं नाही. दोघींनी मिळून गावातली एकूण एक हापशी, बोअर आणि विहीर पालथी घातली. मग महामायानं गावाचा नकाशा काढून त्यावर ठिपके दिले. गोड पाण्याला हिरवा, खाऱ्याला लाल. इतकं सुटसुटीत काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं, आणि मंडळातल्यांनीही तसंच लिहिलं. कौतुकाचे निरोप ती आईला वाचून दाखवत होती.

त्यातच अमरावतीच्या प्रेमानंद नावाच्या माणसाचा निरोप होता. "नकाशा छान असणार. पण मी रंगांधळा आहे. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत. तुमच्या गावातले सगळे ठिपके मला एकाच मातकट रंगाचे दिसताहेत. मी पाहुणा म्हणून आलो तर कोणतं पाणी पिऊ?"

महामायानं तो निरोप पुन्हा वाचला आणि अंगणात विटा रचत बसलेल्या बापाकडं पाहिलं.

कचरू तायडे गवंडी होता. ओळंबा न लावता भिंत सरळ नेणारा, पंचक्रोशीत नाव असलेला. पण घरात त्याची एक खोड ठरलेली होती. केसरबाईनं परसातल्या हिरव्या मिरच्या तोडायला सांगितलं की तो पिकलेल्या लाल मिरच्याही त्यातच आणायचा. बाजारात टमाटे घेताना एकेक दाबून पाहायचा. घरचे हसायचे, त्यात तोही हसायचा. 'माहं ध्यान नसते,' म्हणायचा.

महामाया लॅपटॉप घेऊन त्याच्यापाशी गेली.

"बाबा, यातले लाल ठिपके दाखवा बरं."

कचरूनं हात पुसले, पडदा सावलीत धरला, बराच वेळ पाहिलं.

"कायले इचारून राह्यली?"

"असंच. दाखवा न."

त्यानं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो हिरवा होता. मग दुसऱ्यावर ठेवलं, तोही हिरवा होता. पोरीच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं बोट मागं घेतलं.

"मले सारे सारखेच दिसतात, माया," तो म्हणाला.

महामायानं त्याला प्रेमानंदचा निरोप वाचून दाखवला. काही माणसांचे डोळे जन्मापासूनच असे असतात, लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, त्याला रंगांधळेपण म्हणतात, त्यात डोक्याचा काही दोष नसतो, असं तिला जमेल तसं समजावलं. कचरू ऐकत राहिला. मग त्यानं कुणालाच कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

लग्नाआधी तो रेल्वेच्या भरतीला गेला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो धावण्यात पास झाला, वजन उचलण्यात पास झाला आणि मेडिकल तपासणीहून हात हलवत परत आला, हेही माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. गावानं ठरवलं की पोरगा बिचकला. त्याचा बाप मरेपर्यंत म्हणत राहिला, हातातोंडाशी आलेला घास सोडून आला.

"डाक्टरनं एक पुस्तक दाखवलं," कचरू सांगू लागला. "नुसते ठिपकेच ठिपके. म्हने याच्यात आकडा कोनता हाय ते वाच. मले एकबी आकडा दिसला नाही. माह्या मांगचा पोरगा धडाधडा वाचे. मी दहावी शिकलो होतो, बाई. आकडे काय वाचता येत नव्हते मले? पन नाही दिसले. डाक्टरनं काई सांगतलंबी असन, मी आयकलंच नाही. शरम वाटली. म्हनलं, आपलं डोस्कंच तेवढं हाय. तिथून निंघालो तो सिद्धा घरी."

केसरबाई केव्हाची दारात येऊन उभी होती.

"अन् मले इतके वर्सं काऊन नाही सांगतलं?" ती म्हणाली.

"काय सांगतो? का नवऱ्याले आकडे वाचता येत नाही?"

केसरबाईनं आत जाऊन चहा ठेवला, आणि बशीत ओतून सगळ्यांआधी त्याच्या हातात दिला.

चहा संपल्यावर कचरूनं विचारलं, "तो अमरावतीवाला काय करते?"

"बँकेत आहे."

"बँकेत," कचरू म्हणाला. "चांगला शिकेल असन मंग."

"हाव. शिकेल हाय."

पुढच्या रविवारी महामायानं दोघांचं फोनवर बोलणं करून दिलं. आधी कचरू 'साहेब, साहेब' करत होता. मग प्रेमानंदनं विचारलं की पळसाला फुलं आली हे तुम्हाला लांबून कळतं का. कचरू म्हणाला, पानं झडेल असले तं आकारावून कयते, पाखरं जमतात त्यावून कयते, रंगावून नाही. पलीकडून प्रेमानंद हसला. त्याचंही तसंच होतं. मग दोघांनी मिरच्यांपासून सुरुवात केली, आणि फोन गरम होईस्तोवर बोलत राहिले. कचरूच्या तोंडचं 'साहेब' केव्हा गेलं आणि 'भाऊ' केव्हा आलं, ते त्यालाही कळलं नाही.

महामाया पुन्हा नकाशाला भिडली. मंजुश्रीनं सुचवलं की निळा आणि नारिंगी घेऊन पाहा, हे दोन बहुतेकांना वेगळे दिसतात. महामाया एकेक छटा लावायची आणि बापापुढं धरायची. कचरूही आता लाजत नव्हता. "हा जरा आनखी गडद कर," म्हणायचा. "हे दोन अजून भाऊभाऊच दिसतात." शेवटी निळा आणि नारिंगी ठरले, आणि तेवढ्यावरही भिस्त नको म्हणून गोड्या पाण्याला थेंबाचा आकार दिला, खाऱ्याला त्रिकोणाचा. रंग पार उडाले तरी नकाशा वाचता यावा.

तो घेऊन ती बचत गटाच्या बैठकीत गेली. बेबीताईंनी चष्मा लावला.

"सात नंबरची हापशी म्हंजे कोनती व?" त्यांनी विचारलं.

"ग्रामपंचायतीच्या नोंदीत तसाच नंबर आहे, ताई."

"असन. आमी नंबरानं पानी भरतो का? विहारामांगची हापशी लिह्य. पिठाच्या गिरनीपासली लिह्य."

महामायानं सगळे नंबर काढून टाकले आणि बायका जी नावं घेतात ती घातली. मंडळात तिनं लिहिलं की या खेपेची सर्वात कामाची सूचना आमच्या बचत गटातून आली.

ग्रामसभेत हा नकाशा पडद्यावर लावला, तेव्हा गावानं आपलंच गाव नव्यानं पाहिलं. शाळेमागची पडीक विहीर, जिच्याकडं जायची वाटसुद्धा काट्यांनी बुजली होती, ती निळी होती. म्हातारी माणसं म्हणाली, पूर्वी तिचंच पाणी पीत होतो. गोड आहे म्हणजे पिण्याजोगं आहेच असं नाही, आधी प्रयोगशाळेत तपासा, हे महामायानं स्वतःहून सांगितलं.

बोलून ती बसणार, तोच मागच्या ओळीतून कचरू उठला. ग्रामसभेत तो आजवर कधी बोलला नव्हता.

"मले लाल-हिरवं दिसत नाही," तो म्हणाला. "जलमापासून नाही. मी रेल्वेत नाही लागलो ते याच्यानंच. बिचकलो नव्हतो. हे मालूम नसल्यानं मी इतकी वर्सं सोताले बुद्दू समजत होतो. माह्या पोरीनं हा नकाशा असा केला का मलेबी वाचता येते. गावात आनखी कोनाले तसं असन तं त्यानं लपवू नये, डोयाच्या डाक्टरले दाखवावं."

कचरूच्या बरोबरीचे दोघे-तिघे खाली पाहत होते. मग बेबीताईंनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. सभा सुटल्यावर एक तरुण बाप शाळकरी मुलाला घेऊन कचरूपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हाबी रंगपेटीतले रंग चुकवते, भाऊ. मी मारत होतो त्याले." कचरूनं त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि बापाला बाजूला नेऊन बराच वेळ समजावलं. महामाया लांबून पाहत होती. आपल्या बापाला असं समजावताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

विहिरीतला गाळ निघाला, पाणी तपासणीत पिण्याजोगं ठरलं, तोंडावर जाळी बसली. पाळूचं, म्हणजे काठावरच्या कठड्याचं, काम कचरूनं केलं. मंडळाच्या महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत महामायाला नकाशाबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा तिनं मराठी, हिंदी आणि इंग्रजी जशी आली तशी मिसळून सांगितलं. आता ती तिथं नव्या शिकणाऱ्यांची कामं पाहते.

शेजारच्या गावांनीही आपापलं पाणी मोजून मागितलं. सुटीच्या दिवशी बापलेक मोटारसायकलवर निघतात. ती यंत्र बुडवते, आकडा टिपते. तो बाटली धरतो. घरी येऊन तिनं ठिपके मांडले की पहिल्यांदा त्याच्यापुढं ठेवते, आणि त्याचा होकार आल्याशिवाय ते काम गावाबाहेर जात नाही. परवा एका गावात पारावरच्या माणसानं तिला विचारलं की तू कोण, आणि मग कचरूकडं पाहून विचारलं, "अन् हे?"

"नकाशा हे बनवते," कचरू म्हणाला. "मी तपासतो."